चंद्राचं गायरान आणि गवताचा भारा

आज आपण जरा लांबच्या रानाबद्दल बोलणार आहोत. चंद्राबद्दल.

मोबाईलच्या स्पीकरमध्ये नखाएवढं लोहचुंबक असतं. त्यात निओडायमियम नावाचा धातू असतो. अशा 17 धातूंना दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं म्हणतात. नाव दुर्मिळ, पण तसे ते बऱ्याच ठिकाणी सापडतात. केरळ आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही आहेत. अवघड आहे ते वेगळं करणं. त्याला आम्लं लागतात, आणि मागे किरणोत्सारी थोरियमचा गाळ उरू शकतो. मलेशियात बुकित मेराच्या लोकांनी हे भोगलं. ते कोर्टात गेले, शेवटी 1994 मध्ये कारखाना बंद झाला. आज हे घाणीचं काम बहुतेक चीनमध्ये होतं, म्हणून दोरी त्यांच्या हातात. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी सात धातूंच्या निर्यातीला परवाना लावला, तर आपल्याकडच्या गाड्या बनवणाऱ्यांचीही अडचण झाली.

मग काहीजण म्हणतात, चंद्रावरून, लघुग्रहांवरून आणू. चंद्राच्या काही खडकांत हे धातू आहेत, ते खरं. पण हिशेब बघा. अमेरिकेचं यान बेन्नू लघुग्रहावर जाऊन 2023 मध्ये माती घेऊन आलं. सात वर्षं लागली, हाती आली 121 ग्रॅम. दहा तोळ्यांहून थोडी जास्त! आम्हाला तरी आज हा सौदा परवडणारा दिसत नाही. मग घाई कसली? हक्काची.

1967 चा करार सांगतो, चंद्र कुठल्याच देशाच्या मालकीचा नाही. म्हणजे गायरानच. पण 2015 मध्ये अमेरिकेने कायदा केला: जमीन कोणाची नसली तरी काढलेला माल काढणाऱ्याचा. विळा ज्याच्याकडे, भारा त्याचा. 1979 चा चंद्र करार म्हणत होता, हा साऱ्या मानवजातीचा वारसा. भारताने त्यावर 1982 मध्ये सही केली, पण मंजुरी दिली नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराच्या आर्टेमिस करारावरही सही केली. त्यात कामाच्या जागेभोवती ‘सुरक्षा क्षेत्र’ आखायची सोय आहे. गायरानात आधी खुंट्या येतात, मग तारा येतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

संयुक्त राष्ट्रांच्या समितीत सध्या याचे नियम ठरवण्याचं काम चालू आहे. भारत त्या समितीत आहे. ज्यांच्याकडे यानंच नाहीत, त्या देशांना वाटा द्यायचा का, यावर तिथे अजून एकमत नाही.