पहिल्या दृश्यातील उजेड



ज्या चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावे होणाऱ्या भाषणात चित्रपटाचा विषय घ्यावा की नाही, असा संकोच मला प्रथम वाटला. परंतु छाया आणि प्रकाश यांचा हिशेब चित्रकाराला जसा चुकत नाही, तसा छायालेखकालाही चुकत नाही. विषय अगदीच परका नाही.

आपल्याकडे चित्रपटाची पहिली दहा मिनिटे डोअरकीपरच्या बॅटरीची असत. उशिरा येणाऱ्यांना खुर्च्या दाखविणे, पाय आवरून घेणे यांतच ती सरत. गोष्ट पुढे समजेलच, अशी आपली खात्री असे. गोष्ट समजतेही. हातचे निसटते ते दुसरेच. या माणसाकडे जवळून पाहायचे की दुरून, त्याचे किती दिसणार आणि किती झाकलेले राहणार, हे कॅमेरा आणि दिवे याच दहा मिनिटांत ठरवीत असतात. संवादांना ते काम पुष्कळदा जमत नाही.

माझे म्हणणे एका चित्रपटाच्या आधारे मांडतो. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ साली आला. छायालेखक व्ही. के. मूर्ती, मूळचे म्हैसूरचे. ‘जाल’ (१९५२) पासून ते गुरुदत्तांचे छायालेखक होते. चित्रपटाच्या प्रारंभी एक वृद्ध मनुष्य स्टुडिओत शिरतो. स्टुडिओ ओस पडलेला आहे. म्हातारा जिना चढून दिवे लावण्याच्या उंच माचीवर जातो आणि खाली पाहतो. तेथून त्याचा भूतकाळ सुरू होतो. हा एके काळचा नामवंत दिग्दर्शक, हे आपणांस नंतर कळते. पण येथले काही त्याचे उरलेले नाही, हे त्याआधीच कळून चुकते. ते कसे?

एक कारण चौकटीचे आहे. हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. या पद्धतीत विशेष भिंग दृश्याला आडवे दाबून नेहमीच्याच फिल्मवर बसवते आणि प्रक्षेपकावरचे भिंग ते पुन्हा पसरवते. पडद्याची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहूनही अधिक होते. जुन्या चौकटीत उभा माणूस जागा भरून काढी. या चौकटीत त्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा उरते, आणि ती कशाने भरायची हा प्रश्न पडतो. इतरांनी ती डोंगरदऱ्या, घोडदळे यांनी भरली. गुरुदत्त-मूर्तींनी ती बरीचशी रिकामीच ठेवली. ज्यांनी हा चित्रपट जुन्या चौकोनी दूरचित्रवाणी संचावर पाहिला असेल, त्यांच्याविषयी मला वाईट वाटते. अशा संचांवर रुंद चित्रपटाच्या कडा अनेकदा कापल्या जात, म्हणजे नेमका तो रितेपणाच कापला जाई.

दुसरे कारण प्रकाशाचे. स्टुडिओ ही माणसाने केलेल्या उजेडाची जागा. तेथेच काळोख असावा आणि वरून तुटक उजेड यावा, एवढ्यानेच त्या वास्तूचा प्राण गेलेला जाणवतो. वृद्धाचा चेहरा उजळून त्याची करुणा भाकणे सोपे होते. मूर्तींनी तो मोह टाळला.

याच्या उलट रीतीचे उदाहरण १९७२ सालच्या अमेरिकी ‘द गॉडफादर’मध्ये सापडते. आरंभी पडदा काळा. आवाज आधी येतो, मग एक गाऱ्हाणे मांडणारा चेहरा. कॅमेऱ्याचे भिंग सुमारे तीन मिनिटे अतिशय मंद गतीने मागे सरत राहते आणि शेवटी ऐकणाऱ्याची पाठमोरी आकृती चौकटीत येते. छायालेखक गॉर्डन विलिस यांनी दिवे डोक्यावर टांगले, त्यामुळे डॉनच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्याच राहिल्या. बाहेर मात्र लेकीच्या लग्नाचे लख्ख ऊन. येथे काळोख ही सत्ता आहे. मूर्तींच्या स्टुडिओत तो ऱ्हास आहे. काळोखाला स्वतःचा अर्थ नसतो, कोण कोठे उभा आहे यावर तो ठरतो.

‘कागज के फूल’च्या प्रारंभी रोखून धरलेला उजेड मध्यावर, गीता दत्त यांच्या गीतात, एकदाचा मिळतो. रिकाम्या स्टुडिओत छतापासून जमिनीपर्यंत प्रकाशाचा एक झोत उतरतो. दिव्याचा झोत पुढे जाता जाता फाकतो. सूर्यकिरण जवळजवळ समांतर असतात, हे आपण येथेच विज्ञानाच्या तासाला शिकलो. मूर्तींनी दोन मोठे आरसे घेतले. एकाने बाहेरचे ऊन पकडले, दुसऱ्याने ते आत खाली वळवले. सूर्य थांबत नाही, म्हणून अशा कामात आरसा सारखा सावरावा लागतो. तरंगत्या कणांमुळे झोत डोळ्यांना दिसतो. त्या झोतात नायक-नायिका एकमेकांकडे सरकतात, पण प्रत्यक्ष मीलन होत नाही. सुरुवातीचा काळोख ज्याने पाहिलेला नाही, त्याला हा झोत नुसता देखणा वाटेल.

चित्रपट त्या वेळी साफ पडला. गुरुदत्तांनी पुढे कोणत्याही चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून नाव लावले नाही. १९६४ साली ते गेले. मूर्तींना या कामासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले होते. पुढे २००८ सालासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला, तोवर एकाही छायालेखकाला तो मिळालेला नव्हता. चित्रपटाच्या अखेरीस तोच वृद्ध त्याच स्टुडिओत दिग्दर्शकाच्या खुर्चीत मरून पडलेला आढळतो. दिवसाचे काम सुरू व्हायचे असते, मंडळींना घाई असते. स्टुडिओचे प्रचंड दरवाजे उघडतात आणि इतका वेळ बाहेर ठेवलेले ऊन एकदम आत येते.