तळं बघायला जाताना



आपल्या राधानगरीजवळ फेजिवड्याला भोगावती नदीवर धरण आहे. धरणामागचं पाणी म्हणजे लक्ष्मी तलाव. पाहुणे लांबून बघायला येतात. आपण म्हणतो, "रोजचंच पाणी! त्यात काय बघायचं?"

हे काम शाहू महाराजांनी सुरू केलं. महाराज १९२२ साली वारले. धरण पुरं झालं ते त्यानंतर कित्येक वर्षांनी. पाया खणणाऱ्या किती जणांनी भरलेलं तळं पाहिलं असेल? वरच्यांची जमीन पाण्यात गेली, खालच्यांचा ऊस उभा राहिला. तेही बघताना आठवावं.

धरणाला सात स्वयंचलित दारं आहेत. ती माणूस उघडत नाही. तळं काठोकाठ भरलं की पाण्याच्या जोरानं दार आपोआप उघडतं. पाणी उतरलं की मिटतं. त्याला रात्र नाही, दिवस नाही.

एका श्रावणात मी शाळेची पोरं घेऊन गेलो होतो. पोरं नदीतल्या खडकावर भाकरी सोडून बसली. धुणं आवरत एक म्हातारी ओरडली, "मास्तर, पोरं वर घ्या! दारं उघडायला आल्यात!" मी हेडमास्तर, पण मला हे ठाऊक नव्हतं. तिला होतं. पोरं वर घेतली. घटकाभरात तो खडक दिसेना.

येत्या रविवारी आपला वर्ग तळ्यावर जायचा आहे. भाकरी वर, रस्त्याकडेला खायची. वाटेत सूचनेची पाटी दिसली की तुम्ही मोठ्यानं वाचायची. मी वाचून दाखवणार नाही.