नॉर्मन मॅक्लॅरन आणि त्याचे चित्रपट-प्रयोग



चित्रपट म्हटला की तीन तासांचा खेळ, नायक-नायिका, गाणी आणि मध्यंतरातला चहा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आज ज्याच्याविषयी आम्ही बोलणार आहो, त्याने असा एकही चित्रपट काढला नाही. त्याचे चित्रपट पाच-आठ मिनिटांचे. फारच लांबला तर वीस-बावीस मिनिटांचा. बहुतेकांत संवाद नाहीत. आणि हे सारे त्याने चाळीसाहून अधिक वर्षे कॅनडाच्या सरकारी चित्रपट मंडळात राहून, म्हणजे लोकांच्या पैशावर केले. तेव्हा आपल्या मनात पहिला प्रश्न येईल तो हा, की याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या माणसाच्या कामातच सापडते का, एवढेच आज पाहू.

नॉर्मन मॅक्लॅरनचा जन्म १९१४ साली स्कॉटलंडमधील स्टर्लिंग गावी झाला. वडिलांचा व्यवसाय घरे रंगविण्याचा व सजविण्याचा. मुलगा ग्लासगोच्या कलाशाळेत गेला आणि तेथे त्याला चित्रपटाचे वेड लागले. वेड होते, पण कॅमेरा नव्हता. तेव्हा त्याने एक झिजलेली, टाकाऊ फिल्म मिळविली. घरच्या न्हाणीत भिजत घालून तिच्यावरची जुनी चित्रे धुऊन काढली. आणि त्या स्वच्छ पारदर्शक पट्टीवर कुंचल्याने रंग भरले. पट्टी यंत्रातून सोडताच पडद्यावर रंग नाचू लागले! त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचे बीज या गरिबीच्या युक्तीत आहे.

यातील शास्त्र आपल्याला परके नाही. आपल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. रोप दिवसेंदिवस वाढे, दादासाहेब थोडी थोडी चित्रे घेत, आणि पडद्यावर ते रोप पाहता पाहता वर येई. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात, म्हणजे मिनिटाला १४४० चित्रे. प्रत्येक चित्र स्थिर असते. हालचाल आपला डोळा घडवितो. मॅक्लॅरनने हे सूत्र शेवटापर्यंत धरले. एका चित्रात काय आहे यापेक्षा एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाताना काय बदलते, ते महत्त्वाचे, असे तो मानी.

माहितीपटांचा थोर प्रवर्तक जॉन ग्रिअर्सन याने त्याला हेरले आणि १९३६ साली लंडनच्या टपाल खात्याच्या चित्रपट विभागात घेतले. त्याच वर्षी मॅक्लॅरन कॅमेरामन म्हणून यादवीत होरपळणाऱ्या स्पेनमध्ये जाऊन आला. युद्ध म्हणजे काय ते त्याने तेथे पाहिले, आणि ते दृश्य त्याला जन्मभर सुटले नाही. १९३९ साली तो न्यूयॉर्कला गेला. तेथे ‘डॉट्स’ आणि ‘लूप्स’ या छोट्या चित्रपटांत त्याने चित्रे तर हाताने काढलीच, पण आवाजही हाताने काढला! चित्रपटाच्या पट्टीवर चित्रांच्या कडेला आवाजाची एक अरुंद रेघ असते. त्या जागी लेखणीने बारीक खुणा केल्या, तर यंत्र त्या खुणाच ध्वनी म्हणून वाचते. खुणा दाट केल्या की स्वर चढतो, विरळ केल्या की उतरतो. वाद्य नाही, वादक नाही, केवळ शाई!

१९४१ साली ग्रिअर्सनने त्याला कॅनडात बोलावून घेतले. युद्धकाळ होता. बचतरोखे घ्या, नाताळची पत्रे लवकर टाका, असले संदेश त्याला पोचवायचे होते. त्याने तेही नाचत्या कोंबड्या आणि उड्या मारणारे आकडे यांच्याकडून पोचविले. १९४९ साली एव्हलिन लँबार्ट या सहकारिणीबरोबर त्याने ‘बिगॉन डल केअर’ केला. ऑस्कर पीटरसनच्या जाझवादनावर सारी पट्टी चौकटींची पर्वा न करता रंगविली. रंगावर धूळ बसली, तीही या दोघांनी उपयोगात आणली. १९५५ च्या ‘ब्लिंकिटी ब्लँक’मध्ये तर काळ्या पट्टीवर मधूनमधून ओरखडे काढून बाकी जागा कोरीच सोडली. एक ओरखडा डोळ्यांत लखलखतो, आणि पुढचा येईपर्यंत आपले मनच मधला अंधार भरून काढते. या चित्रपटाला कान येथे लघुपटाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

येथपर्यंत आपण म्हणाल, की हा कुशल खेळिया झाला. आम्हांलाही तसेच वाटले असते. परंतु १९४९ साली युनेस्कोने त्याला चीनमध्ये पाठविले. खेड्यांतील आरोग्यशिक्षणासाठी तेथल्या चित्रकारांना तयार करायचे, हे काम. त्याच सुमारास तेथे राज्यक्रांती झाली. माणसांवरचा विश्वास वाढवून तो परतला, आणि थोड्याच दिवसांत कोरियाचे युद्ध पेटले. या ताणातून १९५२ साली ‘नेबर्स’, म्हणजे ‘शेजारी’, जन्मला.

हा चित्रपट आठ मिनिटांचा आहे. दोन शेजारी हिरवळीवर खुर्च्या टाकून वर्तमानपत्र वाचत बसले आहेत. दोघांच्या मधोमध एक फूल उमलते. दोघेही सुगंधाने वेडे होतात. मग ते कोणाचे, हा वाद, मग कुंपण, मग गुद्दागुद्दी. घरे मोडतात, बायकामुले मारली जातात, शेवटी दोघेही मरतात, आणि फूल तर केव्हाच पायांखाली चिरडले गेलेले असते. येथे पात्रे जिवंत माणसे आहेत, पण मॅक्लॅरनने त्यांना बाहुल्यांप्रमाणे एकेका चित्रासाठी हलविले. म्हणून ती जमिनीवरून घसरत जातात, उडी न मारता तरंगतात. आरंभी प्रेक्षक हसतो. हसता हसता केव्हा गंभीर झालो, ते त्याला कळत नाही.

या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. परंतु बायकामुलांच्या हत्येचा भाग वितरणासाठी गाळावा लागला. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात तो पुन्हा जोडण्यात आला. लोकांना रुचत नव्हते ते हेच, की कुंपणाच्या भांडणाचा शेवट पाळण्यापाशी होतो. आपल्याकडे बांधावरून भाऊबंदकी कोर्टापर्यंत गेलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या आठ मिनिटांचे भाषांतर करावे लागत नाही. २००९ साली युनेस्कोने हा चित्रपट जगाच्या स्मृतिवारशात नोंदविला.

याच माणसाने १९५७ साली क्लोद जुत्रा याच्यासह ‘अ चेअरी टेल’ केला. एक खुर्ची माणसाला आपल्यावर बसूच देत नाही. तो पळतो, दामटतो, आर्जवे करतो, व्यर्थ. अखेर तो स्वतःच वाकून खुर्चीला आपल्यावर बसू देतो, तेव्हा कोठे तिचा रुसवा जातो. या विनोदाला संगीत आहे पंडित रविशंकर यांचे, आणि तबल्याला चतुरलाल! खुर्ची रुसली की सतार रुसते. ‘शेजारी’त जे दोघांना सुचले नाही, ते येथे एकाला सुचते. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत, अशी आमची शिफारस आहे.

१९६८ च्या ‘पा द दे’मध्ये दोन नर्तकांच्या एकेका हालचालीच्या प्रतिमा थोड्या थोड्या अंतराने एकमेकींवर छापल्या. त्यामुळे हात उचलला की हातांचा पंखा उलगडतो आणि सरून गेलेला क्षणही डोळ्यांपुढे थांबतो. १९८७ साली मॅक्लॅरन निवर्तला.

आता पहिला प्रश्न. उपयोग काय? एक गोष्ट निःसंशय आहे. या माणसाने आपली एकही युक्ती कुलपात ठेवली नाही. आपल्या कृतींची सविस्तर टिपणे लिहून तो मागेल त्याला देत असे. हाताखालचे तरुण त्याने स्वतंत्र कलावंत केले. ज्या जनतेचा पैसा घेतला, तिला विद्येसह परत दिला. आज त्याचे पुष्कळ चित्रपट त्या मंडळाने घरबसल्या विनामूल्य पाहण्यास खुले केले आहेत.

परंतु आमच्या मते खरा उपयोग याहून खोल आहे. मॅक्लॅरन केवळ खेळत राहिला असता, तर ‘शेजारी’ झाला नसता हे खरे. पण तो आधी मनसोक्त खेळला नसता, तरीही ‘शेजारी’ झाला नसता. नुसता उपदेश करणारे चित्रपट त्या काळी थोडे का निघाले? ते विसरले गेले. म्हणून ज्या समाजाला आपल्या कलावंताकडून खरे बोल ऐकायचे असतील, त्याने त्याला काही वर्षे निरर्थक वाटणाऱ्या रेघा ओढू दिल्या पाहिजेत. त्या रेघांचा हिशेब वर्षअखेरीस लागत नाही. पण तो लागतो, एवढे या माणसाचे आयुष्य सांगते.