मुलाखतीतले नको ते प्रश्न

नोकरीच्या मुलाखतीत विचारले जाणारे सगळेच प्रश्न कामाविषयीचे नसतात. मुलींना 'लग्नाचे काय ठरले आहे?', लग्न झालेल्यांना 'मिस्टरांची बदली झाली तर?' किंवा 'मूल लहान आहे, मग सांभाळणार कोण?' असे विचारले जाते. मुलांना 'वडील काय करतात?', 'मूळ गाव कोणते?' एवढ्यावर न थांबता 'पाटील म्हणजे नेमके कुठले?' असेही विचारले जाते. पाटील हे आडनाव मराठा, आगरी, कोळी, लेवा, जैन अशा अनेक समाजांत असल्याने त्यावरून जात कळत नाही, म्हणून हा जोडप्रश्न. धर्म, आहार, अपंगत्व, आजार, भाड्याचे घर की स्वतःचे, हेही याच रांगेतले. लहान उद्योगांत मालक स्वतः मुलाखत घेतो आणि अनेकदा त्याच्या मनात काही वाईट नसते; सोयरिकीच्या बोलणीत जी चौकशी चालते तीच तो सवयीने इथे करतो. पण हेतू कसाही असला तरी परिणाम तोच होतो. ज्या माहितीचा कामाशी संबंध नाही, ती निवडीच्या पारड्यात जाऊन बसते.

अशा प्रश्नांबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ते विचारणेच भारतात गुन्हा आहे. बहुतेक वेळा तसे नसते. कायदा प्रश्नाला सहसा हात लावत नाही. उत्तरावरून घेतलेल्या निर्णयाला लावतो. राज्यघटनेचे कलम 16 धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई करते, पण ती सरकारी नोकरीपुरती. खासगी क्षेत्रासाठी वेगवेगळे कायदे जोडून पाहावे लागतात. समान वेतन कायदा 1976 ने समान कामाच्या भरतीत स्त्रियांबाबत भेदभावाला बंदी घातली. तीच तरतूद आता वेतन संहिता 2019 मध्ये आली आहे. तृतीयपंथीयांसाठी 2019 चा कायदा भरतीतला भेदभाव रोखतो. एचआयव्हीबाबतचा 2017 चा कायदा नोकरीची अट म्हणून चाचणी करायला लावू देत नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा प्रत्येक आस्थापनेला समान संधीचे धोरण जाहीर करायला सांगतो. खासगी नोकरीतल्या भरतीत जात विचारू नये असे थेट सांगणारा सर्वसाधारण कायदा मात्र नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

लग्न आणि मातृत्वाच्या प्रश्नांचा इतिहास जुना आहे, आणि तो मुंबईतूनही जातो. मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या वेष्टन विभागात लग्न होताच स्त्रीची नोकरी संपण्याचा नियम होता. कामगार संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. विवाहित स्त्रिया जास्त गैरहजर राहतात, हा कंपनीचा युक्तिवाद 1960 च्या दशकातच न्यायालयाने फेटाळला. मुलांमुळे गैरहजेरी वाढते असे मानले तर मुले असलेल्या विधवांनाही तेच लागू पडेल, असे न्यायालयाने सुनावले. परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुथम्मा यांना सेवेत येताना, लग्न केल्यास राजीनामा देऊ असे लिहून द्यावे लागले होते. 1979 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या सेवेतल्या अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले.

नीरा माथूर यांचा खटला तर प्रत्येक पदवीधराला माहीत असायला हवा. आयुर्विमा महामंडळात निवड झालेल्या स्त्रियांकडून मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भपात यांविषयीची माहिती अर्जात भरून घेतली जात असे. परिविक्षेच्या काळात माथूर यांना मूल झाले आणि पाळीची तारीख खोटी दिल्याच्या कारणावरून त्यांना काढून टाकण्यात आले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावले आणि ते रकाने काढून टाकायला सांगितले. एवढे होऊनही विषय संपला नाही. 2022 च्या सुरुवातीला स्टेट बँकेने तीन महिन्यांहून अधिक काळ गरोदर असलेल्या उमेदवारांना तात्पुरते अपात्र ठरवणारे निकष काढले आणि टीका होताच मागे घेतले. 2024 मध्ये तमिळनाडूतल्या आयफोन जोडणीच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना भरतीत डावलले जात असल्याचे वृत्त आले, तेव्हा केंद्रीय कामगार मंत्रालयाने राज्य सरकारकडे अहवाल मागितला.

जातीचा प्रश्न असा उघड येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक तृतीयांश आढळली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासासाठी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. बहुतेकांनी जात पाहत नसल्याचे सांगितले आणि 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र आवर्जून विचारत असल्याचेही सांगितले. 'घरची माहिती सांगा' हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, तो यामुळे.

काही प्रश्न खासगी वाटले तरी रास्त असतात. आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला मागणे, वयाची अट पडताळणे, फिरती किंवा रात्रपाळी जमेल का हे विचारणे, दिव्यांग उमेदवाराला कोणती सोय लागेल हे विचारणे यात गैर काही नाही. पोलीस पडताळणीच्या अर्जात गुन्ह्याची माहिती लपवणे तर अंगाशी येते. अशा लपवाछपवीचे काय परिणाम होतात ते सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात सविस्तर सांगितले आहे. म्हणून लेखी अर्जात खोटे लिहिण्यापेक्षा रकाना कोरा ठेवणे किंवा त्याविषयी विचारणा करणे केव्हाही बरे.

प्रत्यक्ष मुलाखतीत उपयोगी पडते ती एकच युक्ती: प्रश्नामागची काळजी ओळखायची, त्या काळजीला उत्तर द्यायचे आणि खासगी तपशील आपल्याकडेच ठेवायचा. लग्नाविषयी विचारणाऱ्याला बहुधा उमेदवार टिकेल का, याची चिंता असते. 'या क्षेत्रातच पुढची वाटचाल करायची ठरवले आहे. कामाच्या वेळा आणि फिरती मान्य आहे', एवढे उत्तर पुरते. मूल कोण सांभाळणार याला 'हजेरीची अडचण येणार नाही, तशी व्यवस्था आहे' हे पुरे. प्रश्न पुन्हा आला, तर शांतपणे 'याचा या पदाच्या कामाशी संबंध कसा, ते कळले तर नेमके सांगता येईल' असे विचारता येते. बरेच मुलाखतकार इथेच विषय बदलतात. त्यानंतरही कोणी रेटले, तर 'ही बाब खासगी आहे' असे सरळ सांगावे. नोकरी हातची जाण्याची भीती खरी असते, आणि घरचा एकमेव कमावता असलेला उमेदवार उत्तर देऊन मोकळा झाला तर त्याला दोष देता येणार नाही. पण मुलाखतीतच इतके खोदून विचारणारे कार्यालय रुजू झाल्यावर कसे वागेल, हेही तिथेच कळते.

लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी या सगळ्यात बसत नाही. तिथे युक्ती चालवायची नाही. उठून बाहेर पडावे. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा स्त्री नोकरीत असो वा नसो, तिला तक्रारीचा हक्क देतो. म्हणजे मुलाखतीला आलेली उमेदवारही त्यात येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 75 अशा शेरेबाजीला शिक्षाही सांगते. दोन्हींसाठी प्रश्नाचे शब्द, तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवणे महत्त्वाचे.

परदेशी जाणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्याने नोकरी देऊ करण्याआधी आरोग्याविषयी विचारण्यावर मर्यादा घातली आहे, अमेरिकेत 1990 च्या कायद्याने अपंगत्वाविषयी. जर्मनीत तर गरोदरपणाच्या प्रश्नाला खोटे उत्तर देण्याची मुभा न्यायालयांनीच दिली आहे.

आपल्याकडे अशी मुभा नाही, त्यामुळे भार उमेदवाराच्या एकट्याच्या खांद्यावर येतो. तो महाविद्यालयांना हलका करता येईल. भरतीसाठी येणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून प्लेसमेंट कक्षाने लग्न, मातृत्व, जात आणि धर्म यांविषयी विचारणार नसल्याची लेखी हमी घ्यावी, आणि ती मोडल्याची नोंद करायला विद्यार्थ्यांना एक वही ठेवावी. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ही मागणी या सत्रातच प्राचार्यांकडे करावी.