ईश्वराचं नाव आणि 41 मतं

दिल्लीत 17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेपुढे उद्देशिका आली, तेव्हा हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली: सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. कामत मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले. आय. सी. एस.ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला हा माणूस, त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती.

आसामच्या रोहिणीकुमार चौधरींनी विचारलं, मग देवीचं नाव का नको? कामाख्येच्या मुलखातल्या शाक्तांनी काय करायचं? थानू पिल्लै यांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. देव मानायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, त्यात सक्ती कशी चालेल? हृदयनाथ कुंझरूंना तर श्रद्धेचं स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेशीच ही दुरुस्ती विसंगत वाटली. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं, देवावर मत देण्याची वेळ आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. हात वर झाले, मोजले गेले: बाजूनं 41, विरोधात 68.

या चर्चेचं मोल निकालापेक्षा मोठं आहे. श्रद्धेच्या भाषेत मागणी आली, तिला त्याच सभागृहात तोंडावर उत्तर मिळालं आणि मोजणी होऊन विषय संपला. संविधानातल्या शपथेत मात्र दोन्ही वाटा मोकळ्या राहिल्या. आजही कुणी ईश्वरसाक्ष शपथ घेतो, कुणी गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो, आणि दोघेही शेजारी बसून कायदे करतात.

याच दिल्लीत 7 नोव्हेंबर 1966 रोजी चित्र पालटलं. गोहत्याबंदीसाठी साधूंचा प्रचंड मोर्चा संसदेवर आला. लोकसभेतून निलंबित झालेले कर्नालचे खासदार स्वामी रामेश्वरानंद बाहेर आले आणि त्यांनी जमावाला संसदेला वेढा घालायला सांगितलं. जाळपोळ झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. गृहमंत्री गुलझारीलाल नंदा पायउतार झाले आणि ते खातं यशवंतराव चव्हाणांकडे आलं. मागणी करण्याचा साधूंना पुरता हक्क होता. सभागृहाला वेढा घालण्याचा हक्क कुणालाच नसतो, भगवी वस्त्रं घातली म्हणून तो मिळत नाही.

पण दोष एकट्या मोर्चाचा नाही. 1967 मध्ये सरकारनं गोहत्याबंदीच्या मागणीवर विचार करायला निवृत्त सरन्यायाधीश ए. के. सरकार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात पुरीचे शंकराचार्य होते, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक गोळवलकर गुरुजी होते आणि अमूलचे वर्गीस कुरियनही. कुरियन यांनी आठवणींत लिहिलं आहे की, बैठकीत कडाडून वाद घालता घालता त्यांची आणि गुरुजींची मैत्री झाली. कुरियन आत आले की गुरुजी उठून त्यांना मिठी मारत. म्हणजे समोरासमोर बसवलं तर दोन टोकांची माणसं ऐकून घेतात, बोलतात.

सरकारला मात्र उत्तर नकोच होतं. वर्षं लोटली, 1973 मध्ये गुरुजी गेले आणि 1979 मध्ये समिती अहवालाविनाच गुंडाळली गेली. कामतांना एका बैठकीत स्पष्ट नकार मिळाला होता. गोहत्याबंदीच्या मागणीला 12 वर्षांत होकार नाही, नकारही नाही. ही लोकशाहीनं केलेली फसवणूक होती.