आरोग्याची थकबाकी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कमिटीने मला आरोग्यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस. पण खर्चाची बाजू तरी सांगू शकतो. म्हणून आज फक्त हिशेब मांडणार आहे, आणि तो माझाच आहे.

साठीला आलो तेव्हा मला ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. तीन वर्षं नेमाने घेतली. त्रास काहीच नव्हता, म्हणून माझी मीच बंद केली. घरी सांगितलं नाही. सौ.ला वाटायचं, घेताहेत. ६८ व्या वर्षी एका सकाळी गेटपाशी उजव्या हातातली दुधाची पिशवी गळून पडली. वॉचमनने धरलं आणि बी विंगमधल्या मुलांनी लगेच हॉस्पिटलात पोचवलं, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. पॅरालिसिसचा झटका होता.

अकरा दिवसांचं बिल ३,१२,००० रुपये. नातीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडली. गोळीचा खर्च होता दिवसाला सात रुपये, म्हणजे वर्षाला २,५५५. घरी आल्यावर भागाकार केला. त्या बिलात १२२ वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या!

पण बिलात न आलेली एक गोष्ट आहे. पस्तीस वर्षं मी लोकांच्या सह्या तपासल्या. आजारपणानंतर माझाच चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. नवीन नमुना सही द्यायला काउंटरवर बसलो, तेव्हा मुलगा माझा हात धरून होता. ती रक्कम कोणत्या खात्यात लिहायची?

बँकेत हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. पण चांगला मॅनेजर तोवर थांबत नाही. पहिला हप्ता चुकला की फोन करतो, कारण तेव्हा खातं सावरायला कमी कष्ट लागतात. ब्लडप्रेशर मात्र बहुतेक वेळा फोनही करत नाही, नोटीसही पाठवत नाही. आपणच जाऊन खातं बघायचं. आकडा वारंवार १४०/९० किंवा त्यापुढे येत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

साखरेचं तसंच. एचबीएवनसी ही रक्ततपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणजे आपलं तिमाही स्टेटमेंट. आदल्या दिवशी जिलेबी टाळून तिथे मार्चअखेरची सजावट करता येत नाही! आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अहवालानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि तेरा कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर. दुर्लक्ष केलं तर डोळे आणि किडनी जातात. डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा. सोबतीला येणाऱ्या मुलाची रजा, रिक्षाभाडं, हे वेगळंच.

आता दुसरी बाजू. तपासणी म्हणजे ऐंशी टेस्टचं पॅकेज नव्हे. नको त्या टेस्टमध्ये बारीकसं काही निघतं आणि त्यामागे आणखी पैसे जातात. आपल्याला काय हवं ते आपल्या डॉक्टरांना विचारा. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या सर्वांसाठी ब्लडप्रेशर, साखर, तोंडाचा आणि महिलांसाठी स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे. तिथे जायला कमीपणा वाटू नये. जेनेरिक औषधांबद्दलही डॉक्टरांशी बोला. आणि जेवणात मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरही नाही. लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरायचं.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण सिंकिंग फंड सुरू केला, तेव्हा कुरकुर झाली होती. "बिल्डिंग तर नवीन आहे!" असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. आज त्याची किंमत कळते. शरीराचाही असा फंड लागतो.

म्हणून माझ्यातर्फे बीपीचं एक मशीन संस्थेच्या ऑफिसला देत आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी तिथे बसेन. आकडा आपापल्या कार्डावर लिहायचा, नोटीस बोर्डावर नाही. आणि विशेषतः पुरुष मंडळींना विनंती, गोळी बंद करावीशी वाटली तर आधी डॉक्टरांना विचारा आणि घरी सांगा. मी सांगितलं नव्हतं.