पुलाची नाडी

नवा माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर पक्का. बद्द वाजला तर तडा असणार. पुलांच्या तपासणीत माझी तीस वर्षं गेली. तिथेही सुरुवात अशीच, हातोडीने ठोकून होते.

काँक्रीटला काय होतंय, असं आपल्याला वाटतं. चांगलं काँक्रीट आतल्या सळईला गंजापासून जपतं. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि खाडीकाठचं मीठ वर्षानुवर्षं आत झिरपतं आणि हे संरक्षण संपतं. सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. भेग पडते, भेगेतून आणखी पाणी शिरतं.

पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो जुना नव्हता. जेमतेम दीड दशकाचा होता. म्हणून पुलाचं वय नुसतं वर्षांत मोजू नये.

एक आठवण सांगतो. एका खाडीपुलाचा गर्डर मला बद्द वाजला. मी तसं लिहून दिलं. पण कुणी मोठे पाहुणे येणार होते, म्हणून तिथे वरवर गिलावा करून रंग मारला गेला. 'काम पूर्ण' या कागदावर सही माझीच होती. पुढच्या पावसाळ्यात तिथून हातभर काँक्रीट सुटलं आणि खाली पाण्यात पडलं. खालून होड्या जायच्या. त्या वेळी एकही नव्हती, एवढंच. ती सही मला अजून टोचते.

खरी दुरुस्ती कष्टाची असते. खराब काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून काढायचं. सळई स्वच्छ घासायची, फार झिजली असेल तर जोडसळई द्यायची. गंजरोधक लेप लावायचा आणि मगच पॉलिमरचं मॉर्टर भरायचं. मीठ मुरलेलं काँक्रीट मागे राहिलं, तर ठिगळाच्या कडेलाच नवा गंज धरतो. गर्डरची ताकदच कमी पडत असेल, तर बाहेरून पोलादी केबल ताणून बसवतात किंवा कार्बन फायबरचे पट्टे चिकटवतात. झिजलेली बेअरिंग बदलताना तर जॅक लावून अख्खा गाळा काही मिलिमीटर उचलतात.

पण त्याहून स्वस्त औषध आहे. पुलावरचं पाणी वाहून नेणारे पाइप पावसाळ्यापूर्वी मोकळे करणं. सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप लहान असतानाच काढणं. गळके सांधे वेळेत बदलणं. या कामांचं उद्‌घाटन होत नाही, फीत कापली जात नाही. म्हणूनच ती राहून जातात.

पुलावरून जाताना तुंबलेला पाइप किंवा उघडी पडलेली सळई दिसली, तर जवळच्या बांधकाम खात्याच्या कार्यालयात दोन ओळींचा अर्ज द्या. आणि दुरुस्तीसाठी पूल बंद ठेवला, तर वळसा पडला म्हणून रागावू नका. कुणीतरी वेळेवर नाडी बघितली आहे, असं समजा.